वाचकांचे प्रश्न : पार्सर स्वतः लिहावा की जनरेटर वापरावा?

लिहिलेला मजकूर ठरलेल्या नियमांनुसार सुटा करून त्याची रचना प्रोग्रामला वापरता येईल अशी मांडणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. भाषेचे नियम, म्हणजे ग्रामर, दिले की असा पार्सर आपोआप तयार करून देणारे साधन म्हणजे पार्सर जनरेटर. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात लिहिलेल्या ‘याक’पासून ही साधने सर्रास वापरात आहेत. या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रे बाहेरच्या जनरेटरवर कितपत विसंबावे या एकाच प्रश्नाभोवतीची आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या शंकांची मुळे त्यातच सापडतात.

प्रश्न : आमची चार जणांची कंपनी सहकारी पतसंस्थांसाठी पायथॉनमध्ये हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवते. व्याज, दंडव्याज आणि कपातीची सूत्रे प्रत्येक संस्थेला स्वतः आणि मराठीत लिहिता यावीत अशी मागणी आहे. उदाहरणार्थ, ‘व्याज = मुद्दल * दर / १०० * दिवस / ३६५’, किंवा ‘जर थकीत_दिवस > ९० तर … नाहीतर …’. सध्या रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे मजकुरातले साचे शोधणाऱ्या संकेतांवर, भागवतो, पण कंसात कंस आला की सगळे कोलमडते. माझा सहकारी लार्क ही पार्सर तयार करून देणारी पायथॉनची लायब्ररी घेऊ म्हणतो, तर आमचे सर म्हणतात की संस्थेचे व्याज बाहेरच्या कोडच्या भरवशावर सोडायचे नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या सरांची काळजी रास्त आहे, पण त्यांनी दिलेले कारण अपुरे आहे. पायथॉन बाहेरचा, डेटाबेस बाहेरचा, ऑपरेटिंग सिस्टीमही बाहेरची. संस्थेचे व्याज आजही बाहेरच्या कोडवरच चालले आहे. विचारायचे ते असे, की हे साधन उद्या बदलले, बंद पडले किंवा चुकीचे वागले तर दुरुस्ती आपल्या हातात कितपत राहील? त्याचे उत्तर मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : ज्या भाषेचा पार्सर करायचा ती भाषा कोणाची आहे, आणि जनरेटरचा कोणता भाग ग्राहकाच्या मशीनपर्यंत जातो.

भाषा आपली स्वतःची आहे आणि लहान आहे. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, तुलना, जर-तर-नाहीतर, कंस आणि पाच-दहा फंक्शने, एवढाच तिचा पसारा. अशा भाषेसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे : पार्सर हाताने लिहा. चिन्हांचा अग्रक्रम सांभाळत राशी वाचण्याची सुटसुटीत पद्धत व्हॉन प्रॅट यांनी १९७३मध्ये मांडली होती, आणि तिच्या आधारे आपल्या भाषेचा पार्सर काहीशे ओळींत सहज बसतो. एवढा कोड नव्याने आलेल्या माणसालाही बसल्या बैठकीत वाचून समजतो, आणि चार जणांच्या कंपनीत हा गुण फार मोलाचा आहे. आपल्याला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, वाचायची असती तर मी नेमके उलटे सांगितले असते. पोस्टग्रेस या डेटाबेसची ग्रामर फाइल हजारो ओळींची आहे, दर आवृत्तीला बदलते आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयाने बदलते. अशा भाषेचा पार्सर घरी लिहायला बसणे म्हणजे दुसऱ्याच्या कामाची नक्कल जन्मभर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी घेणे होय. तेथे पोस्टग्रेसचा मूळ पार्सरच वेगळा काढून देणारी ‘लिबपीजी-क्वेरी’सारखी लायब्ररी डोळे उघडे ठेवून घ्यावी.

हाताने लिहिण्याच्या बाजूने मोठमोठी उदाहरणे दिली जातात. जीसीसी कंपायलरने सी-प्लस-प्लससाठीचा बायसनवर (याकच्याच धर्तीच्या जनरेटरवर) आधारलेला पार्सर काढून २००४च्या ३.४ आवृत्तीत हाताने लिहिलेला आणला, आणि सी भाषेसाठी तेच ४.१मध्ये केले. गो भाषेच्या कंपायलरने २०१६मध्ये, १.६ आवृत्तीत, याकने तयार केलेला पार्सर सोडला. पण पोस्टग्रेस आणि पीएचपी आजही बायसनवर चालतात आणि त्यांचे काही अडत नाही, त्यामुळे ‘मोठे लोक हाताने लिहितात’ एवढ्यावर निर्णय घेऊ नये. आपल्या बाबतीत वजनदार कारण वेगळेच आहे. सूत्र लिहिणारा माणूस संस्थेतला लेखनिक आहे. त्याने ‘मुद्दल * / दर’ असे लिहिले, तर त्याला ‘दुसऱ्या ओळीत * या चिन्हानंतर रक्कम किंवा नाव हवे होते’ असे सांगितले पाहिजे. जनरेटरकडून अपेक्षित टोकनांची, म्हणजे नाव, आकडा, चिन्ह अशा सुट्या तुकड्यांची, यादी मिळते, आणि ती मराठीत आणताही येते. पण नेमके काय चुकले ते लेखनिकाच्या भाषेत सांगायचे असेल, तर तो संदेश देणारी ओळ आपल्या हातात असलेली बरी.

आता हाताने लिहिताना कोठे पाय घसरतो ते सांगतो, कारण या ठिकाणी जनरेटर खरोखर उपयोगी पडतो. पहिली जागा वजाबाकीची. ‘१०००० - २००० - ५००’ याचे उत्तर ७५०० आहे. पण ‘राशी म्हणजे एक पद, मग उणे चिन्ह, मग पुन्हा राशी’ असा नियम जसाच्या तसा कोडमध्ये उतरवला तर आधी २००० - ५०० होते आणि उत्तर ८५०० येते. कोणताही एरर येत नाही आणि प्रोग्रामही बंद पडत नाही, फक्त सभासदाच्या खात्यात हजार रुपयांचा फरक पडतो. दुसरी जागा जर-तरची. ‘जर थकीत_दिवस > ९० तर जर दर > १२ तर अ नाहीतर आ’ या सूत्रातले ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चे? हाताने लिहिलेला पार्सर त्यातला एक अर्थ गुपचूप निवडतो. बायसनला हीच ग्रामर दिली तर तो ‘शिफ्ट-रिड्यूस’ संघर्ष आहे, म्हणजे एकाच जागी दोन वाटा संभवतात, असे बजावतो. म्हणून पार्सर हाताने लिहिलात तरी ग्रामर एकदा बायसनच्या स्वरूपात लिहून त्यातून काढून पाहा. त्याने तयार केलेला कोड वापरायचा नाही, फक्त त्याच्या तक्रारी वाचायच्या. माझ्या मते ‘जर’ला बंद करणारा ‘संपले’ असा शब्द भाषेतच ठेवला तर हा प्रश्न उरतच नाही.

तिसरी जागा देवनागरीची, आणि तेथे लार्क घेतली तरी सुटका नाही. पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हा संकेत अक्षरे आणि अंक पकडतो, पण काना, वेलांटी, उकार आणि हलन्त यांना युनिकोड अक्षरांत धरत नाही, चिन्हांत धरतो. त्यामुळे ‘दर’ हे नाव अख्खे पकडले जाते, कारण त्यात एकही स्वरचिन्ह नाही. ‘मुद्दल’ मात्र ‘म’वर तुटते आणि पुढचा उकार अनोळखी म्हणून नाकारला जातो. ज्या माणसाने चाचणीला ‘दर’ आणि ‘वय’ एवढीच नावे घेतली त्याला सगळे ठीक वाटते, आणि पहिल्याच खऱ्या सूत्राला घोटाळा होतो. लार्क मूळचे हेच मॉड्यूल वापरते. तिच्यात ‘रेगेक्स’ नावाचे दुसरे मॉड्यूल जोडण्याची सोय आहे, आणि त्यात स्वरचिन्हांचा वर्ग वेगळा सांगता येतो, पण म्हणजे डिपेन्डन्सी (ज्यांवर विसंबायचे त्या बाहेरच्या लायब्ररी) एकाच्या दोन झाल्या. लार्कबरोबर येणारी नावांची तयार व्याख्या तर फक्त रोमन अक्षरांसाठीच आहे.

त्याहून चकवणारा ‘ऱ’ आहे. ‘कर्मचाऱ्याचा_हिस्सा’ या नावातला ‘ऱ्या’ तीन प्रकारे टाइप होऊन येऊ शकतो : ‘ऱ’ हे एकच अक्षर आणि हलन्त, ‘र’ला नुक्ता आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे सारखी रूपे एका ठरलेल्या रूपात आणण्याने, एक होतात, तिसरा होत नाही. म्हणून टोकन पाडण्याआधीच मजकूर एनएफसी या ठरलेल्या रूपात आणावा आणि ‘र’, हलन्त, जोडक ही जोडणी ‘ऱ’ आणि हलन्त अशी बदलून घ्यावी. हे काम कोणताही पार्सर जनरेटर आपल्यासाठी करणार नाही, कारण तो बनवणाऱ्यांसमोर मराठी लेखनिक नव्हता. अंकांची बाजू त्यामानाने सोपी आहे. पायथॉनचे ‘इंट’ आणि ‘डेसिमल’ हे दोन्ही ‘१००’ जसेच्या तसे स्वीकारतात. रकमेसाठी डेसिमलच वापरावा हे आपल्याला सांगायला नको.

आणखी एक मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो : पायथॉनचाच पार्सर वापरायचा. पायथॉन ३मध्ये नावे देवनागरीत चालतात, त्यामुळे ‘एएसटी’ मॉड्यूलला ‘मुद्दल * दर / 100’ दिले तर तो रचना बिनतक्रार काढून देतो, आणि नावे स्वतःहून नॉर्मलाइझही करतो. यात बाहेरची लायब्ररी एकही लागत नाही. पण देवनागरी अंक पायथॉनच्या सोर्समध्ये चालत नाहीत, न दिसणारा जोडक नावात आला की एरर येतो, ‘जर-तर’ची रचना बसत नाही आणि चुकांचे संदेश इंग्रजीत व पायथॉनच्या भाषेत येतात. शिवाय पुढच्या आवृत्तीत पायथॉनची भाषा वाढली की आपली सूत्रांची भाषाही आपल्या नकळत वाढते. पहिली आठवडाभराची चाचणी आवृत्ती दाखवायची असेल तर हा मार्ग घ्या, पण त्यावर घर बांधू नका. आणि सूत्राचे शब्द बदलून ते सरळ ‘इव्हॅल’ला, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला, देणे कोणत्याही परिस्थितीत करू नका, सूत्राच्या रकान्यात लिहिलेला मजकूर म्हणजे मग सर्व्हरवर चालणारा कोड होतो.

एवढे होऊनही आपल्या सहकाऱ्याला लार्कच हवी असेल, तर ते काही वाईट पाऊल नाही. तिच्या मूळ भागाला आणखी कोणतीही लायब्ररी लागत नाही. फक्त तिची आवृत्ती पक्की करून ठेवा, आणि तिचे ‘ट्री’ आणि ‘टोकन’ हे प्रकार एका मॉड्यूलबाहेर जाऊ देऊ नका. त्या मॉड्यूलमधून बाहेर पडताना रचना आपल्या स्वतःच्या क्लासमध्ये आली पाहिजे. मग दोन वर्षांनी लार्क काढायची वेळ आली तर एकच फाइल बदलावी लागेल, आणि व्याजाच्या हिशेबाला तिचा पत्ताही लागणार नाही.

प्रश्न : आमच्या जावा प्रकल्पात अँटलर या जनरेटरने तयार केलेला पार्सर आहे. कोड कंपाइल होतो, युनिट टेस्टही पास होतात, पण अपाचे स्पार्कच्या (अनेक मशीनवर मिळून डेटा हाताळणाऱ्या प्रणालीच्या) क्लस्टरवर चढवला की पार्सरचा क्लास लोड होतानाच ‘एटीएन’च्या आवृत्तीचा एरर येतो. आम्ही अँटलरची आवृत्ती प्रकल्पात नीट पक्की केलेली आहे. अशी लायब्ररी वापरणेच चुकले का?
— एक वाचिका, हिंजवडी

उत्तर : वापरणे चुकलेले नाही. पण अँटलर हा फक्त जनरेटर नाही, त्याच्याबरोबर रनटाइमही, म्हणजे पार्सर चालताना लागणारी लायब्ररीही, येतो, याचा हिशेब निर्णय घेताना बहुधा झालेला नाही. अँटलर तयार केलेल्या पार्सरमध्ये ग्रामरचा नकाशा, म्हणजेच आपल्या एररमधला ‘एटीएन’, आकड्यांच्या रूपात साठवतो, आणि प्रोग्राम सुरू झाल्यावर रनटाइम तो नकाशा वाचतो. २०२२मध्ये आलेल्या ४.१० आवृत्तीत या नकाशाचे स्वरूप बदलले. त्यामुळे ४.९ किंवा आधीच्या साधनाने तयार केलेला पार्सर ४.१० किंवा पुढच्या रनटाइमवर चालत नाही, आणि उलटही चालत नाही. आवृत्तीच्या आकड्यात फरक किरकोळ दिसतो, पण सुसंगतता मात्र तुटते.

आपण आवृत्ती पक्की केली ती आपल्या बिल्डपुरती. स्पार्कला स्वतःची एसक्यूएल वाचण्यासाठी अँटलरच लागतो, आणि क्लस्टरवर त्याची स्वतःची जार फाइल (जावा कोडचे गाठोडे) आधीच हजर असते. एकाच नावाचा क्लास एकाच क्लासपाथवर (जावा जेथे क्लास शोधतो त्या जागांत) दोनदा असला तर आधी सापडेल तो चालतो. युनिट टेस्ट आपल्या मशीनवर आपल्या रनटाइमसह चालल्या, म्हणून तेथे काही दिसले नाही. हायबरनेट या डेटाबेसशी जोडणाऱ्या जावा लायब्ररीची सहावी आवृत्तीही अँटलर ४ वापरते, त्यामुळे स्पार्क नसलेल्या प्रकल्पांतही हीच चकमक उडते. गंमत अशी की अँटलरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मोठ्या आवृत्तीची पॅकेज-नावे वेगळी असल्यामुळे त्या तिघी एकत्र सुखाने नांदतात, आणि भांडण होते ते ४.८ आणि ४.१३ यांच्यात.

यावर उपाय दोन आहेत. स्पार्कच्या आवृत्तीत जो अँटलर आहे त्याच आवृत्तीने आपला पार्सर तयार करणे हा सोपा उपाय, पण मग स्पार्क बदलला की आपल्यालाही बदलावे लागते. मला दुसरा अधिक पटतो : मेव्हन या बिल्ड साधनाच्या शेड प्लगिनने अँटलरचा रनटाइम आपल्या पॅकेजच्या नावाखाली हलवून आपल्याच जारमध्ये बांधायचा. जार थोडी फुगते, पण नंतर क्लस्टरवर कोणती आवृत्ती आहे हे पाहत बसावे लागत नाही. शिवाय बिल्डच्या शेवटी तयार झालेली जार खऱ्या स्पार्कवर चढवून एक छोटे सूत्र पार्स करून पाहणारी टेस्ट ठेवा. हा दोष कंपायलरला दिसत नाही, क्लास लोड होतानाच दिसतो.

प्रश्न : बायसन जीपीएल या, वाटलेल्या कामाचा सोर्सही खुला करायला लावणाऱ्या, लायसन्सखाली आहे. त्याने तयार केलेला पार्सर आमच्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तर आमचा सगळा सोर्स कोड खुला करावा लागेल, असे आमच्या ऑडिटरने लिहून दिले आहे. हे खरे आहे का?
— एक उद्योजक, पणजी

उत्तर : नाही. ऑडिटरची शंका साहजिक आहे, कारण बायसनने तयार केलेल्या फाइलमध्ये बायसनचा स्वतःचा कोड, म्हणजे पार्सरचा सांगाडा, जसाच्या तसा उतरलेला असतो. पण याच कारणाने त्या फाइलच्या डोक्यावर एक खास सवलत छापलेली असते : हा सांगाडा असलेले मोठे काम आपल्याला हव्या त्या अटींवर वितरित करता येते, फक्त ते काम म्हणजे त्याच सांगाड्यावर चालणारा दुसरा पार्सर जनरेटर नसावा. फाइल उघडून तो परिच्छेद ऑडिटरांना दाखवा, तेवढ्याने काम होईल. बायसन प्रोग्राममध्ये स्वतः फेरफार करून तो प्रोग्रामच वाटलात, तर मात्र जीपीएलच्या अटी लागू होतील.

या निमित्ताने एक सवय लावून घ्यावी : साधनाचे लायसन्स आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या फाइलचे लायसन्स वेगवेगळे वाचावे. लार्क एमआयटी लायसन्सखाली आहे, पण तिच्याबरोबर मिळणारे स्वतंत्र पार्सर तयार करणारे साधन मोझिलाच्या एमपीएलखाली आहे. अँटलर ४ बीएसडी लायसन्सखाली आहे. एसक्यूलाइट हा डेटाबेस ज्याच्यावर चालतो तो लेमन जनरेटर तर सार्वजनिक मालकीचा, म्हणजे कसलीही अट नसलेला आहे. लायसन्सचे परिणाम कोठे दिसतील सांगता येत नाही : मॅकओएसबरोबर मिळणारा बायसन २.३ आवृत्तीचा, म्हणजे २००६चा आहे, कारण पुढच्या आवृत्त्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली गेल्या. आपल्या टीममध्ये कोणी मॅकवर आणि कोणी लिनक्सवर काम करत असेल, तर एकच ग्रामर एकाकडे चालते आणि दुसऱ्याकडे चालत नाही याचे कारण बहुधा हेच असेल.

प्रश्न : वापरात असलेली जनरेटर लायब्ररी तिच्या लेखकाने सोडून दिली तर? आमचा प्रकल्प पीईजी-जेएस या जावास्क्रिप्टच्या पार्सर जनरेटरवर उभा आहे, आणि तिची नवी आवृत्ती वर्षानुवर्षे आलेली नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पीईजी-जेएसची ०.१० ही आवृत्ती २०१६मध्ये आली आणि पुढे काम थंडावले. २०२१मध्ये काही जणांनी तिची शाखा काढून ‘पेगी’ या नावाने काम पुढे चालू केले. बऱ्याचशा ग्रामर किरकोळ बदलांनी तेथे नेता येतात, म्हणून आपण पेगीकडे वळावे. प्रत्येक वेळी असा वारस मिळेलच असे मात्र नाही. डेव्हिड बीझली यांच्या पायथॉनमधल्या ‘पीएलवाय’ या जनरेटरची गोष्ट वेगळी आहे : तिच्या लेखकानेच ठरवले की ही लायब्ररी यापुढे पॅकेज म्हणून इन्स्टॉल करायची नाही, लागतील त्या फाइल उचलून आपल्या प्रकल्पात ठेवायच्या. सी भाषा वाचणाऱ्या ‘पायसीपार्सर’ने पीएलवाय अनेक वर्षे अशीच आपल्या पोटात बाळगली.

मला हा सल्ला फार शहाणपणाचा वाटतो, आणि अनेक अनुभवी प्रकल्प या ना त्या वाटेने तेथेच पोचले आहेत. एसक्यूलाइटचे डी. रिचर्ड हिप यांनी लेमन जनरेटरचा सगळा सोर्स एसक्यूलाइटच्याच झाडात ठेवला आहे. बिल्ड करताना आधी लेमन कंपाइल होतो आणि मग तो ग्रामरवरून पार्सर तयार करतो. पायथॉनच्या ३.९ आवृत्तीपासूनचा नवा पीईजी जनरेटरही पायथॉनच्याच रिपॉझिटरीत राहतो. रुबीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. वेगवेगळ्या मशीनवरच्या वेगवेगळ्या बायसनशी जुळवून घेणे त्रासाचे झाले, तेव्हा २०२३च्या ३.३ आवृत्तीत रुबीने बायसन काढला आणि रुबीमध्येच लिहिलेला ‘लरामा’ जनरेटर आपल्या सोर्समध्ये आणला. पुढच्याच वर्षी, ३.४मध्ये, हाताने लिहिलेला ‘प्रिझम’ हा नेहमी वापरायचा पार्सर ठरवला. बायसनच्या स्वरूपातली ग्रामर तशीच ठेवून आधी फक्त साधन बदलता आले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या साधनाची ग्रामर दुसऱ्या कोणत्याच साधनाला वाचता येत नाही, ते घेताना दुप्पट विचार करावा.

तयार झालेला पार्सर रिपॉझिटरीत ठेवावा का, यावर मतभेद आहेत. पर्लमध्ये तो ठेवतात, म्हणून पर्ल बिल्ड करणाऱ्याला बायसन लागत नाही. पोस्टग्रेस पूर्वी तयार फाइल सोर्सच्या टारबॉलमध्ये (वाटपाच्या गाठोड्यात) घालत असे, पण १७व्या आवृत्तीपासून ते बंद केले आणि आता बिल्ड करणाऱ्याकडे बायसन आणि फ्लेक्स (टोकन पाडणारा कोड तयार करणारे साधन) असावे लागतात. पोस्टग्रेसला ते परवडते, कारण तिच्याकडे बिल्डची व्यवस्था पाहणारी मोठी फळी आहे. आपल्यासारख्या लहान टीमने तयार फाइल रिपॉझिटरीत ठेवावी, आणि ग्रामरवरून ती पुन्हा तयार केली तर तशीच्या तशी येते का हे प्रत्येक बिल्डला तपासावे. साधन नाहीसे झाले तरी निदान आजचा पार्सर चालत राहतो.

‘पॅकेजिंग’ या पायथॉनच्या पायाभूत लायब्ररीने २०२२च्या २२.० आवृत्तीत ‘पायपार्सिंग’ ही पार्सर बनवण्याची लायब्ररी काढून तेथे हाताने लिहिलेला छोटा पार्सर घातला. पायपार्सिंग सोडून दिलेली नव्हती, उलट ती चांगली सांभाळलेली आहे. पण ज्या लायब्ररीवर इन्स्टॉल करणारी साधनेच उभी आहेत, तिने एवढ्या लहान भाषेसाठी आणखी एक ओझे वाहणे कोणालाच पटले नाही. आपल्या प्रकल्पावर आणखी किती जण उभे आहेत, हेही या हिशेबात धरावे.

प्रश्न : साधनाने तयार केलेला पार्सर माणसाने लिहिलेल्या पार्सरपेक्षा सुरक्षित असतो, असे आम्हाला वर्गात शिकवले. ते कितपत खरे?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अर्धे खरे. तक्त्यावर चालणारा पार्सर, जसा बायसन तयार करतो, आपला स्टॅक (अर्धवट वाचलेल्या भागांची चवड) स्वतः सांभाळतो. बायसनमध्ये त्याच्या खोलीला मुळातच १०,००० ही मर्यादा असते. हाताने लिहिलेला, स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा पार्सर मात्र हजारो उघडे कंस एकामागोमाग दिले की कोसळतो, आणि सीमध्ये तो संपूर्ण प्रोग्रामला घेऊन जातो. त्यामुळे हाताने लिहिताना खोलीची मर्यादा पहिल्या दिवशीच घालावी.

उरलेल्या अर्ध्यासाठी फेब्रुवारी २०१७मध्ये उघड झालेली क्लाउडफ्लेअर या वेबसाइटांची वाहतूक हाताळणाऱ्या कंपनीची घटना पाहावी. एचटीएमएल पाने वाचण्यासाठी त्यांचा पार्सर रेगल या जनरेटरने तयार केलेला होता. तयार झालेल्या कोडमध्ये बफर (वाचायला घेतलेल्या मजकुराची जागा) संपला का हे तपासताना ‘पॉइंटर, म्हणजे वाचन कोठे आले ते दाखवणारी खूण, शेवटाइतका आहे का’ असे विचारलेले होते, ‘शेवटाइतका किंवा त्याच्या पुढे’ असे नाही. पॉइंटर एक-एक पाऊल पुढे जातो तोवर यात गैर काही नव्हते. पण ग्रामरमध्ये माणसाने लिहिलेल्या एका कृतीत पॉइंटर मागे घेण्याची सूचना राहून गेली होती. पान अर्धवट ॲट्रिब्यूटवर संपले की पॉइंटर शेवट ओलांडून पलीकडे उडी मारत असे, आणि पार्सर शेजारची मेमरी वाचत सुटे. त्यातून इतर ग्राहकांची खासगी माहिती पानांत मिसळली गेली आणि काही ठिकाणी ती सर्च इंजिनांच्या साठ्यातही पोचली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातील टॅव्हिस ऑर्मंडी यांनी ती शोधली. दोष रेगलचा नसून आपण तो वापरला त्या पद्धतीचा आहे, असे क्लाउडफ्लेअरने स्वतः जाहीर केले. त्याहून शिकण्यासारखे हे, की ही चूक अनेक वर्षे झोपलेली होती. शेजारी नवा पार्सर आणल्यावर बफर भरण्याची पद्धत बदलली, तेव्हा ती जागी झाली.

म्हणजे ग्रामरमध्ये आपण जे तुकडे हाताने लिहितो ते जनरेटर तपासत नाही, नुसते पुढे चिकटवतो. पार्सर कोणत्याही मार्गाने केला असला, तरी त्याला खरे मजकूर कोठेही कापून अर्धवट स्थितीत देणारा फझर लावावा आणि मेमरी तपासणारे सॅनिटायझर चालू ठेवून तो रात्रभर चालवावा. सीमध्ये लिहिणाऱ्याने तर हे पहिल्या आवृत्तीआधीच करावे.